दहाव्या खोलीचा टप्पा

३ जून, मंगळवार

पोहोचले एकदाची. ॲडलेडहून साडेचार तास बस, त्यात शेजारच्या म्हाताऱ्याने सगळा वेळ मेंढ्यांच्या आजारांबद्दल सांगितलं. तरी मी हसतमुखाने उतरले. गाव लहान आहे. धान्याचं उंच पांढरं कोठार, एक जेट्टी, एक बेकरी आणि टेकडीवर आमचं वृद्धांचं होम. समुद्र राखाडी आहे, आमच्या ताव्हेउनी बेटासारखा नाही, पण वास तोच. आईला फोन केला. ती पहिलं काय विचारते, तर तिथे आपला कसावा, आमचा रोजचा कंद, मिळतो का. मिळतो म्हटलं, फ्रोजन. ती म्हणाली, मग तू जगशील.

राहायची खोली बेकरीच्या मागे आहे. पहाटे पावाचा वास येतो. वही नवीन घेतली आहे, ॲप्रनच्या खिशात मावेल एवढी. रोज लिहीन.

५ जून

कामाची ओळख झाली. माझ्याकडे पूर्वेची बाजू, नऊ माणसं, खोली एक ते नऊ. दहावी खोली बंद असते, तिथे चादरी आणि डायपरचे खोके ठेवतात. सोबत ऱ्होंडा आहे. बावीस वर्षं इथे काढलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मला बघून म्हणाली, "चला, या वेळी धट्टीकट्टी पाठवली. मागची वाऱ्याने उडायची."

मॅनेजर ग्लेनिस रोज नऊला येते. तिने ट्रॉलीवरचा लॅपटॉप दाखवला. ब्राउझरमध्ये एक स्टॉपवॉच कायम उघडं असतं. मोठे हिरवे आकडे, खाली तीन बटणं. काम सुरू केलं की दाबायचं, एक माणूस झालं की टप्प्याचं बटण दाबायचं आणि पुढे खोलीचा नंबर टाकायचा. आंघोळ आठ मिनिटं, भरवणं दहा, अंथरूण तीन. संध्याकाळी ती यादी ऑफिसात जाते. ग्लेनिस गोड बोलते. म्हणाली, हे तुमच्यावर नजर ठेवायला नाही गं, सगळ्यांना सारखा वेळ मिळावा म्हणून आहे.

ऱ्होंडा नंतर म्हणाली, मिळतो की, सगळ्यांना सारखाच कमी.

९ जून

स्टॉपवॉच मला आवडलं, खरं सांगते. खोलीवरही फोनमध्ये तेच पान उघडून ठेवलंय. अंडी साडेसहा मिनिटं. भात चौदा. बेकरीपासून होमच्या फाटकापर्यंत अकरा मिनिटं वीस सेकंद, उलट्या वाऱ्यात तेरा. काल चर्चमध्ये पाद्र्यांचं प्रवचनही मोजलं, देवा क्षमा कर. एकोणचाळीस मिनिटं.

आंघोळीला पहिल्या दिवशी मला सतरा मिनिटं लागली होती. आज साडेनऊ. फक्त चार नंबरच्या मिसेस हॅकेट अडतात. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. आता अर्धी वाक्यं हरवतात, पण अंगावर गरम पाणी पडलं की डोळे मिटून म्हणतात, "थांब ना जरा." मी त्यांना बुबू म्हणते. आमच्याकडे आजीला बुबू म्हणतात. त्यांना आवडतं. ग्लेनिसला नाही आवडत.

१४ जून

आज यादी पाठवताना दहा ओळी दिसल्या. माणसं नऊ. शेवटची ओळ अशी:

खोली १० — ४७:१२

मी टाकली नव्हती. पान बंद करून पुन्हा उघडलं. आकडे शून्यावर गेले, यादी पुसली गेली. आणि मग ती एकच ओळ परत आली. खोली दहा, सत्तेचाळीस मिनिटं बारा सेकंद.

जुना लॅपटॉप आहे.

१६ जून

आजही. ऱ्होंडाला दाखवली. तिने पाहिली नाही, म्हणजे पाहून मान फिरवली. म्हणाली, ओळ खोड आणि पाठव, ग्लेनिसला विचारू नकोस. मी विचारलं, तुझ्या यादीतही येते का? तर म्हणाली की तिचा चहा गार होतोय.

२० जून

आज ऱ्होंडा बोलली. मागच्या अंगणात, कपडे वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून.

दहा नंबरमध्ये पेगी डोनाल्डसन होत्या. टपाल कचेरीत आयुष्य काढलेल्या, गावातल्या प्रत्येकाची पत्रं त्यांच्या हातून गेलेली. माझ्या आधी इथे विनी होती, सामोआची. गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी विनीने पेगींना शॉवरच्या खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, पाणी सुरू केलं. तेवढ्यात ग्लेनिस दारात येऊन म्हणाली, तू वेळेच्या मागे आहेस, सात नंबर अजून नाश्त्यावाचून बसलाय, आधी तिकडे जा. विनी पेगींना म्हणाली, लगेच येते. सात नंबरनंतर आठ, मग पाच नंबर पडला, मग डॉक्टरचा फोन. स्टॉपवॉच चालूच राहिलं. गरम पाण्याची टाकी वीस मिनिटांत संपते. नंतर गार पाणी, इथल्या ऑगस्टच्या हिवाळ्याचं. पट्टा लावलेला. घंटीची दोरी हाताला येत नव्हती.

सत्तेचाळीस मिनिटं बारा सेकंद.

"मृत्यूच्या कागदावर नऊ मिनिटं लिहिलंय," ऱ्होंडा म्हणाली. "नऊ मिनिटं आणि हृदयविकार. आणि खाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे."

विनीला आठवड्याच्या आत घरी पाठवलं. ऱ्होंडाने शेवटची चादर चिमट्यात अडकवली आणि म्हणाली, मला निवृत्तीला दोन वर्षं होती, पोरी, तू काय केलं असतंस ते मला सांगू नकोस.

मी रिकामी टोपली उचलून आत नेली.

२३ जून

ग्लेनिसकडे गेले. ती ओळ दाखवली. पेगींचं नाव घेतलं नाही, फक्त म्हटलं, ही चूक रोज येते. तिचा चेहरा हलला नाही. म्हणाली, मशीन बदलून घेऊ. मग माझी यादी वाचून म्हणाली की माझी प्रगती कौतुकास्पद आहे, सरासरी आठ मिनिटांच्या आत आली, असंच राहिलं तर माझ्या व्हिसाच्या कागदांवर ती आनंदाने सही करेल. नाहीतर तिचाही नाइलाज. हे सगळं हसून.

मी थँक यू म्हणून बाहेर आले. थँक यू म्हटलं मी! दिवसभर तोंड कडू होतं.

आणि आज मिसेस हॅकेट "थांब ना जरा" म्हणाल्या तेव्हा मी नळ बंद केला. सात मिनिटं चाळीस सेकंद. त्यांच्या कानामागे साबण तसाच राहिला होता, जेवताना दिसला.

माझ्या आईला घरी वहिनी आंघोळ घालते. किती मिनिटं, कोणी मोजत नाही.

२७ जून

आज एक विचित्र गोष्ट झाली. तीन नंबरची आंघोळ संपवून मी टप्प्याचं बटण दाबलं आणि पुढे पाहते तर मी दहा नंबरच्या दारासमोर उभी. हात कडीवर. मधली सहा मिनिटं मला आठवत नाहीत. स्टॉपवॉचमध्ये आहेत, माझ्यात नाहीत.

थकले असेन. काल झोप कमी झाली.

१ जुलै

नवीन लॅपटॉप आला. पहिल्याच यादीत ती ओळ.

चादरी आणायला दहा नंबर उघडली. खोके होते तसेच. पण आतल्या न्हाणीघरातली शॉवरची खुर्ची ओली होती. नळाला हात लावला, कोरडा. खुर्चीच्या पट्ट्यातून पाणी ठिबकत होतं. पाणी गार. मी टॉवेलने पुसली. काय करायचं सुचलं नाही म्हणून पुसली. परत वळून पाहिलं तर पुन्हा ओली.

ऱ्होंडाला सांगितलं. ती म्हणाली की ती तिकडून चादरी आणत नाही, कधीच.

४ जुलै

पुन्हा वेळ गेला. या वेळी एकवीस मिनिटं. आठ नंबरच्या मिस्टर डोबी यांना भरवत होते. भानावर आले तेव्हा दहा नंबरच्या न्हाणीघरात, जमिनीवर बसलेली, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. मिस्टर डोबी तिकडे तोंड उघडं ठेवून बसून होते. घास तोंडातच. ऱ्होंडाने बोट घालून काढला. घुसमटले असते.

तिने मला शिवी दिली नाही. म्हणाली, "विनीलासुद्धा त्या शेवटच्या आठवड्यात असंच व्हायचं. ती म्हणायची, पेगी बोलावतात. जा तू इथून. व्हिसा गेला खड्ड्यात, जा."

कुठे जाऊ? आईचं औषध, छपराचे पत्रे, सगळं माझ्या पगारावर. सहा तारखेची बस मनात धरली आणि सोडली.

६ जुलै

बस गेली. मी नाही गेले.

विचार केला. आमच्याकडे माणूस गेलं की एकटं ठेवत नाहीत. चटया टाकून सगळे बसतात, गातात, रात्र काढतात. पेगींजवळ कोणी बसलंच नाही. लगेच येते म्हणाली ती आलीच नाही. मग त्या बोलावणार नाहीत तर काय?

कोणीतरी बसायला हवं. पूर्ण वेळ. सत्तेचाळीस मिनिटं.

७ जुलै

उद्या. सातच्या पाळीआधी, सहाला जाईन. लॅपटॉप आत नेईन, घड्याळ लावून बसेन. ऱ्होंडाला सांगितलं नाही. पुन्हा वेळ गेला तर— म्हणून आधीच, कोणी माझ्या हाती नसताना.

८ जुलै

सहाला आले. कोणी नाही. दहा नंबर. दार लोटून आतून कडी लावली. खुर्ची ओली आहे. समोर जमिनीवर बसले. स्टॉपवॉच सुरू.

०४:१० — काही नाही. मी भजन म्हणतेय, हळू.

११:०० — थंडी वाढली. पाण्याचा आवाज येतो. इथला नळ बंद आहे.

१९:३० — माझ्या हातावर हात आहे. दिसत नाही. बोटं बारीक, गार, कातडी सैल. मी म्हटलं, आले मी, बसलेय. हाताने दाबलं. रडू आलं मला.

२८ — लिहिताना पेन घसरतंय, बोटं बुळबुळीत झालीत. घाम असेल. घट्ट धरलंय त्यांनी. धरू दे.

४० — पाण्याचा आवाज भिंतीपलीकडून. जवळच. कोणाची तरी न्हाणी.

४५ — झालं, पेगी. दोनच मिनिटं—

४७:१२. गेली. पुढे चालूच आहे. हात सुटत नाही.

४८ — बाहेर ग्लेनिसचा आवाज. मला हाका मारतेय. ग्लेनिस नऊला येते. आत्ता सात वाजायला हवेत— स्क्रीनच्या कोपऱ्यात नऊ वाजून पाच.

ऱ्होंडा ओरडतेय, चार नंबरात पाणी कधीपासून चालू आहे, दहाचं दार आतून का लागलंय—

स्क्रीनवर ओळ बदलली. खोली दहा नाही. खोली ४.

बोटांवर घाम नाही. फेस आहे. शाम्पूचा. मी आज अजून कोणाला आंघोळ घातली नाही. मी आल्या आल्या इथे बसले. मी सहाला—

बुबू—

उठता येत नाहीये. हात सोडा. पेगी, हात सोडा, बुबू तिथे पट्ट्यात आहेत, मी लगेच येते म्हणून