कपाला लागलेली बोटं

प्रिय बिबियाना,

मंगळवार, १७ सप्टेंबर रोजी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तू माझ्या घरातून समोरच्या कॉफीला बोटही न लावता निघालीस. समोर आलेलं न शिवता नदीवर जाणाऱ्या आपल्या इबान जमातीच्या माणसावर काय ओढवतं, हे तुला ठाऊक आहे. वर म्हणालीस, "ताई, आपण कॉन्व्हेंटात शिकलो." अगं, आपल्या मदर सुपीरियरसुद्धा आपल्या आईने पुढे केलेल्या कपाला बोट लावूनच उठायच्या.

जंगलं जळताहेत, समोरचा काठ दिसत नाही. चार दिवस थांब म्हटलं, तर रुसलीस. मी कप घेऊन धक्क्यावर धावले. धुरात होडी नुसती ऐकू येत होती.

"जाबू, थांब. बिबियाना कपाला शिवलेली नाही."

"मगर तिला धरील, बाई. आम्हाला कशाला थांबवता?" नावाडी म्हणाला.

"मगरीला आपलं-परकं कळतं होय रे?" होडीतली कुणी बाई ओरडली. "आणा इकडे, सगळेच शिवतो."

मी कप पुढे धरला. धुरातून एकेक हात आला आणि बोट लावून गेला. शेवटच्या हाताने बोट लावलं, मग माझ्या मनगटाला सणसणीत चिमटा काढला.

सिबूला सुखरूप पोहोचल्याचा तुझा निरोप मिळाला. त्यात कपाबद्दल अक्षर नाही. चिमट्याचा वळ अजून आहे. तो पाहत मी रोज मजेत कॉफी पिते. तरीही तो हात कोणाचा, हे ३० सप्टेंबरच्या दुपारी बारापर्यंत लेखी कळव. धुरामुळे आता टपालाची होडीही बंद आहे आणि हे पत्र माझ्या टेबलावरच आहे, ही सबब चालणार नाही.

तुझी थोरली बहीण,
सेसिलिया