एकच ठिपका

१४ मार्च

दादास,

नमस्कार. इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा दुखतो. तू फोन करून विचारशील असं तिला अजून वाटतं, म्हणून कळवलं.

तुझं पत्र मिळालं. सोमवारी समिती बाळांच्या त्या नळीला कोणाचं नाव द्यायचं ते ठरवणार आणि माझ्या नकाशावरून ठरवणार, हे मला माहीत आहे. नकाशा मीच करते. वैद्यकीय ग्रंथालयात अठरा वर्षं माझं हेच काम: डेटाबेसमधले शोधनिबंध उपसायचे, कोणी कोणाचा संदर्भ दिला ते जुळवायचं आणि प्रत्येक संशोधकाचा एक ठिपका काढायचा. ज्याचे संदर्भ जास्त, त्याचा ठिपका मोठा आणि मधोमध. याला तू टिकल्या लावायचं काम म्हणायचास. आता लिहितोस, 'माझा ठिपका जरा मधोमध घे.'

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास देणाऱ्या त्या नळीचे सगळे धागे मागे मागे जात एका चार पानी निबंधापाशी थांबतात. त्यावर तुझं आद्याक्षर आणि आपलं आडनाव आहे. पण त्या वर्षी तू हाडांच्या विभागात प्लास्टर घालत होतास. निबंधावरचा पत्ता नवजात बाळांच्या कक्षाचा आहे. तिथे वहिनी होती. तिचंही आद्याक्षर तेच, आणि लग्नानंतर आडनावही तेच.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती सुई तापवून दूध पाजायच्या नळीला भोकं पाडायची आणि तोंडाने फुंकून बघायची. "डॉक्टरीणबाई खेळत बसल्यात," असं तू पाहुण्यांना सांगायचास. पुढे तूच मोठमोठे निबंध लिहिलेस आणि त्यांत 'आमचे पूर्वीचे काम' असं छापलंस. त्या 'आमचे'मध्ये तू कुठे होतास रे? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण तू तर बीळही स्वतःच खणल्याचं सांगत फिरलास.

'कोणी विचारलंच तर डेटाबेसची चूक म्हणून सांग,' असंही लिहिलंयस. इथे माझा हात अडतो.

डेटाबेस चुकला नव्हता. दोन सारखी नावं दिसली की तो विचारतो: एकच व्यक्ती आहे का? अकरा वर्षांपूर्वी त्याने मला तसं विचारलं. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "दोन्ही मीच. जोडून टाक." ती सुई मी डोळ्यांनी पाहिली होती, तरी 'हो' दाबलं. तेव्हा वहिनीशी माझा अबोला होता. मी तुझ्यापुढे मान हलवण्यापलीकडे काही करत नाही, असं ती आईला म्हणाली होती. मला त्याचा राग आला, आणि मी तिचं म्हणणं खरं करून दाखवलं.

काल पत्ता आणि तारखा जोडून मी 'नाही' नोंदवलं. एका ठिपक्याचे दोन झाले. मधोमध तिचा आहे. तुझ्या मोठमोठ्या निबंधांचा संदर्भ फारसा कोणी दिलेला नाही; तुझा ठिपका उजव्या कडेला आहे, तो शोधायला मला चष्मा पुसावा लागला. आज सकाळी नकाशा समितीकडे गेला, सोबत माझ्या त्या 'हो'ची लेखी कबुलीही. नोकरीचं जे व्हायचं ते होईल.

वहिनीलाही फोन केला. तुमचा काडीमोड झाल्यानंतर पहिल्यांदाच. सगळं ऐकून तिने विचारलं, "नळी वापरतात ना अजून?" मी हो म्हटलं. "मग झालं," म्हणाली आणि फोन ठेवला. माफ केलं असं काही म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

तू विचारतोस, 'आडनाव एकच, मग फरक काय पडतो?' तुला पडत नसेल, तर उत्तम. नळीला नुसतं आडनाव देऊ नये, पुढे तिचं नाव पूर्ण लिहावं, आद्याक्षर नको, असं मी समितीला कळवलं आहे.

आईला फोन कर. मला करू नकोस.

आडनाव खाली लिहीत नाही. त्याने गोंधळ होतो.

वहिनीची नणंद