मुळं न फुटलेलं पिल्लू

बडोदे, ९ फेब्रुवारी १९९९

ती. वन्सं,

हे पत्र पेटीत टाकायचं धाडस माझ्यात नाही, म्हणूनच खरं लिहिते.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या सलीलकडे कॅनडाला जाताना तुम्ही तुमची ब्रोमेलियाडची कुंडी माझ्याकडे ठेवलीत. पुढे ‘झाड गेलं’ असं मी कळवलं. ते खोटं नव्हतं. एकदा फुललं की ते झाड मरतंच. पण बुंध्याशी तीन पिल्लं आली होती, ते लिहिलं नाही. ती मी नारळाच्या काथ्यात लावली, आणि एकाला फूल आल्यावर प्रदर्शनात पहिलं बक्षीसही घेतलं.

कॅनडाहून परतल्यावर गेल्या महिन्यात तुम्ही आलात, खिडकीशी थांबलात. “मोहना, किती छान गं! तुझ्या झाडाचं एखादं पिल्लू देशील?”

तुझ्या झाडाचं!

मोठं देववेना. बोटाएवढं, मुळंही न फुटलेलं कापून दिलं. रिक्षात तुम्ही ते हरणीच्या तुमच्या घरापर्यंत मांडीवर धरून नेलंत.

आज तुमचा फोन आला. “सुकलं गं ते. तू इतक्या मायेनं दिलंस, माझ्याच हाताला गुण नाही.”

आणि मी तुमची समजूत घातली, “असू दे हो वन्सं, होतं असं कधीकधी.”

तुमची भावजय,
मोहना