केशरी बाहुला

औंध, जि. सातारा
५ ऑक्टोबर १९७५

श्री. मानसिंग यांस,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक. अमेरिकेत तुम्ही उभयता खुशाल असाल. आजवर पत्रात तुमचं नाव कधी लिहिलं नव्हतं. होणाऱ्या नवऱ्याचं नाव घेऊ नये, हे मला सून मानून आत्यानंच शिकवलं होतं. आता लिहायला हरकत नाही.

भुईमूग बरा आहे. आत्याचे गुडघे धरलेत. यंदाही गौरीपुढं तुम्ही पाठवलेले, तिकडच्या कॉलेजांचे स्प्रिंगच्या मानेचे फुटबॉलवाले बाहुले मांडले होते. त्यांच्या डोक्यावरचे टोप बघून आत्या अजून सगळ्यांना सांगते, "ह्यो अमेरिकेचा मिलिटरीवाला." हळदीकुंकवाच्या बायका टिचक्या मारून त्यांच्या माना डोलवतात. नंतर मी ते पुसून, कापसात गुंडाळून ट्रंकेत ठेवते. दरवर्षी एक यायचा तेव्हा वाटायचं, राहीला कोणता आवडेल म्हणून तुम्ही दुकानात उभं राहून निवडत असाल.

लग्नाचा फोटो मिळाला. वहिनी गोड दिसतात. मी मात्र तुमच्यामागची फळीच बघत बसले. माझ्याकडचे बाहुले तिथं ओळीनं उभे होते. म्हणजे मला यायचे ते तुमच्या संग्रहातले दुबार. लग्नाची बातमी वाचून रडले नव्हते, तेवढी हे कळल्यावर रडले.

फळीवर पहिल्या वर्षीचा केशरी तेवढा नव्हता. तेव्हा तुम्हाला हा नाद नव्हता, म्हणजे तो एक तरी माझ्यासाठी घेतला होता. आता तो कुठं मिळत नाही, परत पाठव, असं तुम्ही लिहिलंय. बाकीचे हवे तर सगळे न्या. तो पाठवता येणार नाही.

तो आत्याच्या उशाशी असतो. सांजवात झाली की ती त्याला विचारते, "येतोय न्हवं रं माझा मानसिंग?" आणि टिचकी मारते. तो बराच वेळ होकाराची मान हलवत राहतो. तुमच्या लग्नाचं तिला कुणी सांगितलेलं नाही. परीक्षा लांबली, राहीला किती थांबवायची, एवढंच वडील तिला बोलले.

तुळशीच्या लग्नानंतर विट्याला माझं लग्न आहे. मुलगा फौजेत आहे. "येईल की गं आत्या" असं रोज मी म्हणते. मी गेल्यावर तिला हो म्हणायला तेवढा केशरीच उरेल.

तुमची मामेबहीण,
राही