पाच पुड्या

१९ डिसेंबर २०१४

ठरलं! पुणे ते हैदराबाद, सायकलवर, पाच दिवस. माझा नवरा आनंद, त्याच्या ऑफिसातले चौघे आणि मी. मुक्काम आनंद बघणार, पंक्चरचं सामान त्या चौघांतल्या विक्रमकडे, आणि खाण्याचं? अर्थातच माझ्याकडे! नवरा म्हणाला, घरी रोज चार डबे भरतेसच की, त्यात काय एवढं. सहा महिने पहाटे उठून ह्यांच्याइतकीच सायकल मारली आहे मी. ती काय लाडू वळण्यासाठी?

२३ डिसेंबर

वळले. खजुराचे लाडू, दुधातल्या दशम्या, चिक्की. विक्रमने परदेशी एनर्जी जेल मागवलीत, पिळून तोंडात घ्यायची. एवढं कशाला करताय वहिनी, असं म्हणत उभ्याउभ्या तीन लाडू खाल्लेन.

खराडीला दीडशे माणसांच्या कामाचं नियोजन करते मी. तिथे निदान कोणी चव घेऊन बघत नाही.

२५ डिसेंबर, इंदापूर

रोज पहाटे माणशी एक पुडी बांधायची, वाटेत वाटायची, असं ठरवलंय. लोणी काळभोरच्या पुढे थांबलो. सगळ्यांना देऊन होईतो पिशवी रिकामी! माझी पुडीच नाही. कोणीतरी दोन उचलल्या असणार. चहाबरोबर बिस्किटं खाल्ली. लाडू छान झालेत म्हणे. असतील.

२६ डिसेंबर, सोलापूर

आज परत तेच!! बोलले नाही. पण विक्रमच — दुसरं कोण? त्याची जेल पहिल्याच दिवशी नकोशी झाली. दिवसभर समोरून वारा आणि पोटात चहा-बिस्कीट. रात्री थाळीवर तुटून पडले, तर आनंद म्हणतो, हळू, लोक बघतायत.

बघू देत.

२७ डिसेंबर, उमरगा

नळदुर्गच्या पुढे पाय चालेनात. डोळ्यांपुढे अंधारी. रस्त्याच्या कडेला बसकण मारली. आनंद इतरांना सांगत होता, "हिला झेपत नाहीये. उद्या एसटीत बसवू." बसवू! मी काय बोचकं आहे? आणि मी चिडले, तर वर हसून त्यांना म्हणतो — घरीही अशीच असते ही. अरे, भूक लागलीय मला!

लॉजवर आल्यावर सगळ्यांदेखत विक्रमला विचारलं, माझी पुडी रोज तूच खातोस ना? तो रागावला नाही. तेच जास्त वाईट.

"वहिनी, पुड्या रोज पाचच असतात," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही तुमचं वेगळं ठेवता."

आनंद मोबाइल बघत होता.

खरंच पाच. खाटेवर बसून मीच बांधते, एकेकाचं नाव घेत. माझं नाव एकदाही तोंडात आलं नाही. घरीही चार डबे भरते, पाचवा कधी भरलाय? कँटीनमध्ये मिळेल ते खाते आणि दीडशे माणसांचं नियोजन करते! शहाणी!

आनंदचा राग आहेच. तीन दिवस शेजारी बसून खाल्लंन, तू काय खातेस म्हणून विचारलं नाहीन. पण त्याच्याहून जास्त राग माझा मलाच आलाय. विक्रमची माफी मागितली. तो म्हणाला, असू दे.

एसटीत बसणार नाही. आनंदला सांगून टाकलंय.

२८ डिसेंबर, जहीराबाद

सायकलवरच आले.

पहाटे पहिली पुडी माझी बांधली. पुढे हात सवयीने पाचावरच थांबला, आणि मी थांबू दिला. पहिल्या थांब्यावर आनंद पिशवी उलटीपालटी करून बघत होता. माझी कुठाय, म्हणे.

म्हटलं, चहाबरोबर बिस्कीट घे. मला तीन दिवस पुरलं.