चिखलाची गाडी

॥ श्री ॥

टेंभी नाका, ठाणे
४ जानेवारी १९५३

चि. उत्तम यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी लाकडी लष्करी गाडी सुखरूप पोचली. शेजारच्या सगुणाकाकूंनी विचारलं, खाडीत पडली होती का? मीही ओलं फडकं घेऊन बसलेच होते, तेवढ्यात ‘पुसू नकोस’ अशी तुझी चिठ्ठी दिसली, म्हणून गाडी वाचली बिचारी.

पण आता ऐक. यांचं म्हणणं, मंडळाच्या प्रदर्शनाला फौजेतले निवृत्त साहेब यायचे आहेत. जिंकलेल्या फौजेची गाडी अशी बरबटलेली ठेवली तर मंडळाची शोभा होईल. धुऊन, हिरवा रंग देऊन वर तिरंगा लावायचा, असं समितीत ठरलं आहे. तू पाच वर्षं खपून केलेलं काम, चकचकीत दिसलं तर तुलाच बरं ना? रविवारी ये आणि उरकून टाक. पायाचं दुखणं कसं आहे? तेल लावतोस की नुसतं सांगतोस?

माया आहेच, ती पत्रातून कळवायला नको.
तुझी सुमतीताई

कल्याण
७ जानेवारी १९५३

तीर्थरूप ताईस सा. न. वि. वि.

गाडी धुवायची नाही. दाजींना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग.

अगं, तो चिखल चुकून लागलेला नाही, मी लावलाय. आधी खाडीचा गाळ आणलेला, तो वाळल्यावर मिठाने पांढरा फुटला. मग वीटभट्टीची माती वस्त्रगाळ केली, सरस आणि लाकडाचा भुसा घालून कालवली, चाकांच्या खाचांत काडीने भरली. वाळलेल्या थरावर फिकट मातीचा हात दिला, जुन्या दातांच्या ब्रशने शिंतोडे उडवले, आणि चाकाखाली रोगण लावलं, कारण तिथला चिखल ओलाच असायचा. इटलीतला चिखल मी दोन हिवाळे पाहिलाय. तो कुठे साचतो, कुठून उडतो, ते मला विचारा.

मागच्या फळीवर दोन पंजे उमटलेत, पाहिलेस? ते धोंडीबाचे, फौजेत माझ्या गाडीवर होता त्याचे. गाडीत जखमी होते, मागची चाकं रुतलेली. मी स्टिअरिंगवर, तो कमरेइतक्या चिखलात उतरून ढकलत होता. गाडी मागे घसरली आणि तो तिच्याखाली चिखलात गेला. जखमी वाचले. मी त्याच्या बायकोला, मालनवहिनींना, परत आल्याबरोबर सगळं सांगितलं. पण तिकडे मोहने गावात तिची सासू सखुबाई अजून म्हणते, माझा लेक गोळी लागून नाही, चिखलात मेला, कुणाला काय सांगू? त्या बाईला चिखल म्हणजे अंगणातला पावसाळा वाटतो. तिला दाखवायला गाडी केलीय. तिरंगा लावायचा तर खुशाल लावा, पण चिखलावर.

रागावलीस तरी आहे तो लोभ राहू दे.
तुझा उत्तम

ठाणे
१० जानेवारी १९५३

चि. उत्तम यास आशीर्वाद.

पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, मग गाडी मांडायचीच नाही. माझं या घरात काय चालतं ते तुला ठाऊक आहे. येऊन घेऊन जा, बाबा. ते पंजे मी पाहिले. त्यानंतर ती फळी मी कापडाने झाकली आहे, सारखं तिकडेच लक्ष जातं.

कळावे, काळजी घे.
सुमतीताई

कल्याण
१३ जानेवारी १९५३

ती. ताईस सा. न.

मला कारखान्यातून या रविवारीही रजा नाही. मालनवहिनी सासूला घेऊन रविवारी ठाण्याला येणार, त्यांना मी कळवून बसलोय. मांडली नाही तर गाडी तुझ्या ओटीवर ठेव आणि त्यांना दाखव. पाणी मात्र लागू देऊ नकोस.

आशीर्वाद असू दे.
उत्तम

ठाणे
१९ जानेवारी १९५३

चि. उत्तम यास अनेक आशीर्वाद.

ओटीवर नाही ठेवली. काल सकाळी गाडी छातीशी धरून मी मंडळात गेले आणि मधल्या टेबलावरचा ताजमहाल बाजूला सरकवून मांडली. हे धावत आले, म्हणाले चार लोकांत शोभा करू नकोस. मी म्हटलं, हात लावलात तर इथेच खाली बसेन. लोक बघायला लागले, तेव्हा मागे सरले.

दुपारी मालन आली, सासूबाईंना धरून. सखुबाई वाकून चाकांकडे बघत होत्या. मग चाकाखाली बोट टेकवलं आणि कोरडं निघालेलं पाहून चकित झाल्या. चिखल किती खोल होता, विचारलं. मी म्हटलं, कमरेपर्यंत, माझा भाऊ सांगतो. फळीवरच्या पंजांवर त्यांनी आपला हात धरला, टेकवला नाही. तेवढ्यात ते साहेब आले आणि विचारू लागले, ही घाण इथे कुणी ठेवली. सखुबाईंनी पदर खांद्यावरून घट्ट घेतला आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, ही गाडी माझ्या लेकाने ढकलली. साहेबांनी टोपी काढली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, मालनला म्हणाल्या, चल, आता घरी जाऊन सगळ्यांना सांगते.

तरी समितीने काल रात्री ठरवलंय, उद्या गाडी टेबलावरून काढून टाकायची. मी टेबलाला लागून खुर्ची टाकली आहे आणि प्रदर्शन संपेपर्यंत तिथेच बसणार आहे. हे जेवणाचं विचारत होते. सांगितलं, पिठाचा डबा फडताळात आहे, पिठलं टाका.

असाच हट्टी राहा.
तुझी सुमतीताई