फ्यूजची दुहेरी तार

४ मार्च, मंगळवार

फ्यूज पुन्हा गेला! या आठवड्यात तिसऱ्यांदा — आणि आज कुठे मंगळवार! हिने एकीकडे कपड्यांचं मशीन लावलं, दुसरीकडे गीझर सुरू केला, आणि सगळं घर गपगार. मी चार मिनिटांत तार बदलली. घड्याळ लावून. ही शेजारी उभी राहून म्हणते, "अहो, कुणाला तरी बोलवू या का?"

कुणाला तरी म्हणजे कुणाला? मी काय मेलोय? असं बोललो नाही. पण तोंडावर दिसलं असणार, कारण ती लगेच आत गेली.

एकतीस वर्षं कारखान्यात कुकरची झाकणं तपासली. दिवसाला हजारभर. बोटाने नुसती कड चाचपून सांगायचो — पास, नापास. त्या बोटांना घरातली चार बटणं जड जाणार?

एक मात्र खरं. निवृत्त होऊन चौदा महिने झाले आणि तेव्हापासून घरातल्या विजेने उच्छाद मांडलाय. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी एकदा हात लावला की वर्ष-वर्ष बघायला नको. आता वेळच वेळ आहे, तर एक काम टिकत नाही. हाताचा गुण गेला की काय!

५ मार्च, बुधवार

लेकीचा फोन! बदली झाली — इथे, आमच्याच गावात! एक एप्रिलला रुजू व्हायचंय. जावई जहाजावर, सहा-सहा महिने घरी नसतात. म्हणजे ती आणि ढब्बू इथेच, मागच्या खोलीत, निदान वर्षभर तरी. ढब्बू, आमचा नातू, दहा महिन्यांचा. ही फोनवरच रडायला लागली. मीही खिडकीबाहेर बघत बसलो जरा वेळ.

मग लेकीने शेपूट जोडलं. "बाबा, मागच्या वेळी न्हाणीघरात नळाला हात लावला तर झिणझिण्या आल्या होत्या. ढब्बू आता रांगतो, दिसेल तिथे हात घालतो. एखाद्या चांगल्या वायरमनकडून सगळं घर तपासून घ्या. नाहीतर मी ऑफिसजवळ भाड्याने जागा बघते. रागावू नका हं."

रागावलो नाही. छे! फक्त जेवताना कुणाशी बोललो नाही.

६ मार्च, गुरुवार

मागच्या खोलीचा बोर्ड उघडला. बघितला. परत बंद केला.

८ मार्च, शनिवार

टेस्टर घेऊन न्हाणीघरात गेलो. नळाला लावला — पेटला! नळात वीज कशी येईल? नळात पाणी येतं. म्हणजे टेस्टर खराब. दुकानात जाऊन नवा आणला. तोही पेटला. हल्ली मालच असा येतो.

तरी खबरदारी म्हणून नियम काढला: आंघोळ रबरी चप्पल घालूनच करायची. हिने कपाळावर हात मारून घेतला. "उद्या पाहुणे आले तर त्यांनाही सांगायचं का? टॉवेल घ्या, साबण घ्या, चप्पल घ्या?" मी म्हटलं, "सांगायचं. त्यात काय लाजायचं?"

मनात मात्र आलं, दहा महिन्यांच्या पोराच्या मापाची रबरी चप्पल मिळते का?

१० मार्च, सोमवार

सकाळी फ्यूज गेला. दुपारी परत गेला. माझंही डोकं गेलं. तारेचे दोन पदर घेतले, चांगला पीळ दिला आणि बसवले. दुहेरी तार! आता उडून दाखव म्हणावं.

१३ मार्च, गुरुवार

तीन दिवस! मशीन, गीझर, इस्त्री — सगळं एकदम लावून बघितलं. फ्यूज ढिम्म हलला नाही. इतकी साधी युक्ती आणि चौदा महिने सुचली नाही!

लेकीला फोन करून सांगितलं, "झालं काम." ती म्हणाली, "कोण आला होता?" म्हटलं, "झालं म्हटलं ना! तू सामान बांधायला घे." ती इतकी खूश झाली की मला पुढे बोलवेना. खोटं बोललो नाही. अर्धं बोललो.

१५ मार्च, शनिवार

हिचं नाक म्हणजे भारीच तिखट. म्हणे मागच्या खोलीत काहीतरी जळकट वास येतो. मी म्हटलं, शेजारी पाचोळा जाळतात. "पाचोळा असा वास मारतो होय? प्लास्टिक जळल्यासारखा वास आहे," म्हणाली. ती गेल्यावर बोर्डाला हात लावून बघितला. कोमट होता. उन्हाळा लागलाय, भिंतीसुद्धा तापतात. (समोरची भिंत गार होती. तीही बघितली.)

संध्याकाळी माळ्यावरून पाळणाखाट काढली. लेक लहान असताना वापरलेली. पुसली, रंगाचा हात दिला. छान दिसते.

१६ मार्च, रविवार

अक्षर बघ कसं आलंय.

सकाळचे दहा वाजले असतील. मशीन चालू, गीझर चालू, मी ओट्याशेजारी शर्टाला इस्त्री करत होतो. ही मागच्या खोलीत ढब्बूची खाट लावत होती. खाट मीच सांगितलेल्या जागी — भिंतीला लागून, बोर्डाच्या खाली. तिथे वारा चांगला येतो म्हणून.

आधी तडतड ऐकू आली. मग हिची हाक. अशी हाक मी तेहतीस वर्षांत ऐकली नव्हती. धावत गेलो तर बोर्डातून धूर येतोय, पांढरी प्लेट तपकिरी होऊन वाकलीय. आणि मी काय केलं? न्हाणीघरातल्या बादलीतलं पाणी आणलं! हातात मग, तो उचललेला! हिने माझं मनगट धरलं — केवढी ताकद आली होती तिच्यात! "पाणी नको! वेड लागलंय का!" असं ओरडून ती जिन्याखाली पळाली आणि तिथलं कपाट ढकलून तिने मेन स्विच खाली ओढला. तडतड थांबली. मशीन थांबलं. सगळं थांबलं.

धूर विरल्यावर खाटेकडे लक्ष गेलं. उशाकडच्या चादरीवर तीन भोकं. करपलेल्या कडांची, बटणाएवढी. ठिणग्या पडलेल्या. उशी तिथेच ठेवली होती हिने, इतकीशी, मोहरी रंगाची.

मी खाटेशेजारी खालीच बसलो. आजपर्यंत मी हजारो झाकणं नापास केली. जरा शंका आली की बाजूला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उडालं तर, म्हणून. आणि माझ्या स्वतःच्या घरात बोर्ड गरम लागला, वास आला, दोन दोन टेस्टर पेटले, तरी मी सगळ्याला पास, पास, पास म्हणत गेलो. कशासाठी? तर बायकोसमोर 'मला येत नाही' म्हणायला लागू नये म्हणून. लाज वाटते लिहायला. पण लिहायलाच हवं.

हिला म्हटलं, "बोलव कुणाला तरी." टोमणा नाही, काही नाही. फोन घेऊन अंगणात गेली.

१७ मार्च, सोमवार

वायरमन आला. पन्नाशीचा, शांत, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. आल्या आल्या, काही न विचारता, जिन्याखालचं चपलांचं कपाट बाजूला सरकवून मेनपाशी गेला. सराईत माणूस. फ्यूज ओढून काढला, उजेडात धरला, आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"काका, ही दुहेरी तार कुणी घातली?"

"मी."

"फ्यूज उडत होता तो तुमच्यावर उपकार करत होता. तो सांगत होता, वायरला भार सोसत नाही, थांबा. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. मग भार गेला भिंतीतल्या वायरवर."

मी नुसती मान डोलावली. याचं हिलाही नवल वाटलं असावं.

मग नळ. मी भीत भीत सांगितलं, टेस्टर पेटतो, पण टेस्टर खराब असेल. तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. विचारलं, "पाण्याचा पाइप अलीकडे बदललात?" हो, गेल्या वर्षी. लोखंडी सडला होता, प्लंबरने अंगणातला तुकडा प्लास्टिकचा टाकला. "तिथेच घोळ झाला. घराची अर्थिंगची तार त्या लोखंडी पाइपला बांधलेली आहे. म्हणजे गळकी वीज त्या पाइपातून जमिनीत जायची. आता मध्ये प्लास्टिक आलं, तिला वाटच राहिली नाही. गीझर गळतोय आणि ती वीज नळात येऊन बसतेय." म्हणजे पाइप बदलल्यापासून ही रोज त्या नळाखाली हात धुतेय, भांडी भरतेय!

बोर्ड उघडला. आत गीझरकडे जाणाऱ्या वायरीवर माझाच जोड निघाला, मागच्या पावसाळ्यात केलेला. वायर पिळून वर काळी टेप. टेप वितळून चिकटली होती. "जोड सैल राहिला की तापतो, तापला की आणखी सैल होतो," तो म्हणाला. एवढंच. कुणी केला ते विचारलं नाही. माझ्या तोंडावरच लिहिलेलं असणार.

चहा घेताना मी विचारलं — मन घट्ट करून — की माझ्यासारख्याने हात कुठपर्यंत घालावा? तो कप खाली ठेवून म्हणाला, "दिवा गेला तर बदला की काका. मेन बंद करून बटणाची प्लेट पुसा, पंख्याची पाती पुसा. फ्यूज एखाद वेळी गेला, तर एखादी वस्तू बंद करून बघा. पण तोच फ्यूज परत परत जायला लागला, बोर्ड गरम लागला, वास आला, कशालाही हात लावून झिणझिणलं — तर मेन खाली ओढायचा आणि हात खिशात. भिंतीच्या आत काय चाललंय ते तुम्हालाही दिसत नाही, मलाही दिसत नाही. फरक इतकाच, की माझ्याकडे ते मोजायचं यंत्र आहे."

कारखान्यात आम्हीही हेच म्हणायचो. डोळ्याने कळत नसेल तर यंत्रावर लावा. अंदाजाने शिक्का मारायचा नाही.

१९ मार्च, बुधवार

सगळ्या खोल्यांतून जुनी वायर ओढून काढतोय. घरात धूळच धूळ. हिने भांड्यांवर चादरी टाकल्या आहेत. मी वायरींचे तुकडे हातात घेऊन बघितले — वरचं आवरण बोटाने चुरगळलं की भुगा होतो. तीस वर्षांची वायर. तिचीही निवृत्ती राहूनच गेली होती.

मला काम दिलं आहे: वायरमन कोणत्या बटणाने काय चालतं विचारतो, मी सांगतो आणि चिठ्ठ्या लिहून चिकटवतो. मला बरं वाटतं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटतं.

२० मार्च, गुरुवार

अंगणात खड्डा खणून नवं अर्थिंग. मेनपाशी नवी पेटी बसली. जराशी वीज गळली तरी आपोआप बंद पडते. तिच्यावर एक तपासायचं बटण आहे, महिन्यातून एकदा दाबायचं. दाबलं — खट्! घर बंद. परत चालू केलं. परत दाबलं. ही ओरडली, "अहो, पुरे आता!"

२१ मार्च, शुक्रवार

लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. दुहेरी तार, पाण्याचा मग, चादरीची भोकं. काही गाळलं नाही.

ती म्हणाली, "मला माझे बाबा हुशार नकोत. मला ते हवेत, बस्स." आणि रडली. मी म्हटलं, "तू भाड्याने जागा घेतलीस तरी मला चालेल." ती म्हणाली, "उद्या येते बघायला. मग ठरवते."

हिला झोप लागली का माहीत नाही. दुपारभर नुसती कूस बदलत होती.

२२ मार्च, शनिवार

लेक आली, ढब्बूला काखेत घेऊन. चप्पल काढून सरळ न्हाणीघरात गेली. गीझर चालू केला. नळाला हात लावला. आम्ही दोघं दारात परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे.

"काही नाही," ती म्हणाली. परत लावला. "काहीच नाही!"

इकडे ढब्बू सुटला आणि भराभरा रांगत थेट मागच्या खोलीतल्या खालच्या प्लगकडे! मी ओरडलोच. पण त्यावर झाकण होतं, आतली भोकं बंद. त्याने दोन थापट्या मारल्या, कंटाळला आणि माझ्या लुंगीचं टोक तोंडात घातलं.

लेकीने पाळणाखाट धरून समोरच्या भिंतीला लावली. तिथून मागे वळून म्हणाली, "एकतीसला येते मग. सामान जास्त आहे हं, स्टेशनवर दोघंही या."

आज घरात तीन-तीनदा चहा झाला. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने केलाच नाही अजून.

२४ मार्च, सोमवार

वायरमन राहिलेली शिडी न्यायला आला. ही पडदे आणायला बाजारात गेली होती. जाता जाता म्हणाला, "काका, तुम्ही रिटायर झालात आणि काकूंचे फोनच बंद झाले. मला वाटलं, दुसरा कुणी धरला की काय."

"कसले फोन?"

त्याने जीभ चावली. शिडी खांद्यावरून खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "तुम्ही रविवारी दुरुस्त करायचात ना, काका... सोमवारी तुम्ही कारखान्यात गेलात की मी यायचो. अकरा वर्षं."

ही आली. घाम पुसत म्हणाली, "वायरमन वाटेत लांबून दिसला. काय म्हणत होता?"

"काही नाही," म्हटलं, "शिडी राहिली होती त्याची." पडदे उलगडून बघितले. चांगले निघालेत.